महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सेवेचे तास: कोणत्या कामाला, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या गरजेसाठी?

वारणातीर (धागाकर्ता)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात शिकवतो आणि तेथील राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहतो. नवीन शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागल्यापासून आमच्यासारख्यांच्या कामाचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी सेवा योजनेत नाव नोंदवणारा विद्यार्थी स्वतःहून आलेला असे. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावातील सात दिवसांचे निवासी शिबिर ही त्याची चौकट होती. आता एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला समाजात जाऊन काही काम करावे लागते. काम शोधणाऱ्यांची संख्या अशी एकाएकी वाढली, पण खऱ्या अर्थाने हात हवे असलेली ठिकाणे कोणती, याची यादी कोणीही तयार केलेली नाही. परिणामी विद्यार्थी प्रमाणपत्र देणारी जागा शोधतात आणि गरज असलेली जागा तशीच राहते.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. शिकणाऱ्या तरुणाने गावाची रचना, तेथील पाण्याचे, आरोग्याचे आणि शिक्षणाचे प्रश्न प्रत्यक्ष पाहावेत आणि त्यातून तो स्वतःही घडावा, ही तिच्यामागची भूमिका आजही मला मोलाची वाटते. अडचण अंमलबजावणीत आहे आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोठे कारण वेळापत्रक हे आहे.

वनराई बंधाऱ्याचेच उदाहरण घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर घातलेला हा बांध स्वस्त असतो, कोणालाही शिकता येतो आणि त्याने रब्बीला, गुरांना व आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो. मात्र तो पाऊस थांबल्यावर, ओढा वाहता असतानाच, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घालावा लागतो. आमची निवासी शिबिरे बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात आणि तोवर अनेक ओढे आटलेले असतात. कोरड्या पात्रात घातलेला बंधारा अहवालात उत्तम दिसतो, पण तो पाणी अडवत नाही.

म्हणून या धाग्यावर एकच विनंती आहे. आपापल्या परिसरात कोणत्या कामाला माणसे कमी पडतात, ती वर्षातील कोणत्या महिन्यांत कमी पडतात आणि त्या कामासाठी विद्यार्थ्यांना आधी काय शिकावे लागते, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे.

लेखणी

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या परीक्षांसाठी लेखनिक, म्हणजे त्यांनी सांगितलेली उत्तरे लिहून देणारी व्यक्ती, मिळवून देण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे. वारणातीर यांनी मांडलेला वेळापत्रकाचा प्रश्न आमच्याकडे सर्वांत तीव्र आहे, कारण येथे एखाद्या दिवसाचा उशीर म्हणजे एका विद्यार्थ्याचा पेपर बुडणे.

लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्यामुळे बारावीच्या परीक्षेसाठी आम्ही अकरावीतील मुले शोधतो आणि पदवीच्या परीक्षांसाठी त्याहून खालच्या वर्गांतील. गरज फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाच्या परीक्षांना आणि नंतर प्रत्येक सत्राच्या शेवटी विद्यापीठाच्या परीक्षांना निर्माण होते, आणि नेमके त्याच दिवसांत लेखनिक होऊ शकणारे विद्यार्थी स्वतःच्या परीक्षेत गुंतलेले असतात. एका महाविद्यालयाचे वेळापत्रक शेजारच्या महाविद्यालयाशी तंतोतंत जुळत नाही, हीच काय ती आमच्यासाठी वाट असते. त्यामुळे आसपासच्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एकच यादी ठेवली, तर बरेच पेपर निभावतात.

हे काम दिसते तितके सोपे नाही. प्रश्न छापील आहे तसाच, शब्द न बदलता वाचायचा असतो. उत्तर सुचले तरी चेहऱ्यावर किंवा आवाजात ते उमटू द्यायचे नसते. सांगितलेले वाक्य दुरुस्त न करता उतरवायचे असते आणि मागितल्यावर ते पुन्हा वाचून दाखवायचे असते. ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ मिळत असल्याने तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि चौथ्या तासाला लिहिणाऱ्याचा हात खरोखरच दुखतो. म्हणून परीक्षेआधी त्या दोघांनी एकत्र बसून किमान एक सराव पेपर सोडवावा, असा आमचा आग्रह असतो. अर्थशास्त्राच्या आकृत्या किंवा गणितातील मांडणी तोंडी कशी सांगायची, याची त्या दोघांची भाषा तेथेच ठरते.

परीक्षा नसते तेव्हाही काम थांबत नाही. मराठी माध्यमाची संदर्भपुस्तके स्वच्छ आवाजात ध्वनिमुद्रित करणे, तसेच स्कॅन केलेल्या पानांतील मजकूर तपासून स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल असा करणे, ही दोन्ही कामे घरबसल्या वर्षभर करता येतात. ज्या विद्यार्थ्याला अंगमेहनतीच्या शिबिरात जाणे शक्य नाही, त्याच्यासाठी हे काम विशेष योग्य आहे.

रक्तपेढी_सेवक

मी रक्तपेढीत शिबिरांचे नियोजन पाहतो. महाविद्यालये रक्तदान शिबिरे मोठ्या उत्साहाने घेतात आणि त्यांच्यामुळेच आमचे काम चालते, हे आधी कृतज्ञतेने नमूद करतो. तरीही तारखांविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट फक्त पाच दिवस. संस्थेचा वर्धापनदिन, एखाद्या नेत्याचा वाढदिवस आणि प्रजासत्ताक दिन एकाच पंधरवड्यात आले की आमच्याकडे पिशव्या ठेवायला जागा उरत नाही, आणि मे महिन्यात महाविद्यालयांना सुट्टी लागून वसतिगृहे रिकामी झाली की दरवर्षी टंचाई जाणवते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते. त्यामुळे एका दिवशी ३०० पिशव्यांचा विक्रम करण्यापेक्षा दर महिन्याला २५ दाते देणारे महाविद्यालय आम्हाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते, हे ध्यानात घेऊन विद्यार्थ्यांचे गट पाडता येतात. मे महिन्यात गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांची, रक्तगट नोंदवलेली वेगळी यादी ठेवावी.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. प्रत्येक शिबिरात रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी मुलींना या एका आकड्यामुळे परत जावे लागते आणि त्यांची पुढे कोणीही विचारपूस करत नाही. ज्या विद्यार्थिनी स्वेच्छेने रक्त द्यायला आल्या त्यांच्यापैकीच अनेकींना रक्तक्षय असू शकतो, ही माहिती महाविद्यालयाला त्या दिवशी आयती मिळालेली असते. तिच्यावर पुढील तीन महिने काम करणे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राकडून तपासणी, लोहाच्या गोळ्या, आहाराविषयी बोलणे आणि पुन्हा मोजणी, हा माझ्या दृष्टीने रक्तदानाइतकाच महत्त्वाचा सेवा प्रकल्प आहे.

तृतीय_वर्ष

मी विद्यार्थिनी आहे आणि विद्यार्थ्यांच्या बाजूने दोन गोष्टी सांगू इच्छिते. पहिली अशी, की आमच्या वर्गातील अनेकजण सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर दुकानात, पंपावर किंवा शेतात काम करतात. काहीजण कमवा व शिका योजनेत आहेत. त्यांच्यासाठी दोन श्रेयांकांचे ६० तास म्हणजे बुडालेली मजुरी असते. दुसरी अशी, की निवासी शिबिराला मुलींना घरून परवानगी मिळणे आजही अवघड आहे, आणि परवानगी मिळाली नाही तर त्या मुलीला सेवेत रस नाही असे गृहीत धरले जाते. सेवा सक्तीची करायची असेल, तर ती करण्याचे मार्गही प्रत्येकाला परवडणारे असायला हवेत. लेखणी ताईंनी सांगितलेले पुस्तक वाचनाचे काम मला लगेच करता येईल. असे आणखी काही आहे का?

मुळामुठा

तृतीय_वर्ष यांचा मुद्दा अत्यंत रास्त आहे. शहरातील कचऱ्याच्या प्रश्नावरचे काम दिवसाच्या दिवसात करता येते, आणि त्यामागे पुण्यातील एका विद्यापीठीय विभागाचा फार मोठा इतिहास आहे, तो सांगण्यासारखा आहे.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या नव्वदच्या दशकाच्या आरंभी कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे काम करू लागल्या. त्या स्त्रियांबरोबर वेळ घालवल्यावर आणि त्यांचे काम जवळून पाहिल्यावर असे लक्षात आले, की अक्षरओळख महत्त्वाची असली तरी त्यांची तातडीची गरज वेगळी आहे: कचराकुंडीत हात घालावा लागू नये म्हणून वेगळा केलेला सुका कचरा थेट मिळावा, पोलिसांनी चोर समजून हटकू नये म्हणून ओळखपत्र असावे आणि आपण करतो ते काम आहे अशी मान्यता मिळावी. यातूनच १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे तिच्यातून कचरावेचकांची स्वतःची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था स्थापन होऊन ती पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. साक्षरतेचा वर्ग घ्यायला गेलेल्यांनी समोरच्या माणसांचे ऐकून कामाची दिशा बदलली, म्हणून हे घडले. समुदाय सहभाग शिकवताना याहून चांगला पाठ मला तरी माहीत नाही.

आज विद्यार्थ्यांनी करण्यासारखे काम म्हणजे आपल्याच इमारतीपासून आणि वसतिगृहापासून सुरुवात करणे. ओला, सुका आणि सॅनिटरी कचरा वेगळा करण्याविषयी प्रत्येक घरी एकदा जाऊन भागत नाही. पहिल्या भेटीनंतर आठवड्याने आणि मग महिन्याने पुन्हा जावे लागते, तेव्हा कुठे सवय बदलते. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम पुण्यात झाली, कारण वेचणाऱ्या बाईला ते उघड्या हाताने वेगळे करावे लागू नये. मोहिमेला निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एक सकाळ आपल्या भागातील ताईंबरोबर कचरा गोळा करत फिरावे, एवढीच माझी अट असते.

नागरी सहभागाची आणखी एक संधी पुण्यात २००६ पासून उपलब्ध आहे, ती म्हणजे नागरिकांच्या सूचनांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्थान देण्याची पद्धत. अंदाजपत्रक तयार होण्याआधी ठरलेल्या मुदतीत प्रभागातील छोटी कामे, उदाहरणार्थ पदपथ, बसथांब्याचे छप्पर किंवा सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती, नागरिकांना सुचवता येतात. भूगोलाच्या किंवा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रभागात पायी फिरून अशा जागा नकाशावर नोंदवल्या आणि रहिवाशांबरोबर सूचना लिहिल्या, तर तो उत्तम क्षेत्र प्रकल्प होतो. मुदत उलटल्यावर केलेल्या सर्वेक्षणाचा मात्र काहीही उपयोग नसतो.

ओसरी

शहरात अंदाजपत्रक असेल तर गावात ग्रामसभा आहे, आणि तिच्याकडे महाविद्यालयांचे लक्ष फारसे जात नाही याचे मला वाईट वाटते. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक तरुण आपल्या गावच्या ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला कोणाच्या निमंत्रणाची गरज नसते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. तेवढीही जमली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, त्यामुळे मोजक्या माणसांत वर्षाचे निर्णय होऊन जातात. एका गावातील दहा-पंधरा महाविद्यालयीन मुले-मुली नियमित येऊन बसली, तरी सभेचा नूर बदलतो.

बसण्याआधी अभ्यास मात्र हवा. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहता येतो. विद्यार्थ्यांनी तो उतरवून घ्यावा, त्यातील कामे गावात फिरून पाहावीत आणि सभेत नम्रपणे, कागद हातात ठेवून विचारावे. माझा सल्ला असा, की पहिल्या सभेत फक्त ऐकावे. गावातील जुनी भांडणे, भावकी, कोण कोणापुढे बोलत नाही, बायका कोठे बसतात आणि त्यांना बोलू दिले जाते का, हे समजल्याशिवाय विचारलेला प्रश्न कोणा एका गटाचा ठरतो आणि त्या मुलाच्या घरच्यांना त्याचा त्रास होतो. माहितीचा अधिकार हे साधन हाताशी आहेच. १० रुपयांच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. पण आपल्याच गावात अर्ज टाकण्याआधी ग्रामसेवकाकडे जाऊन कागद पाहायला मागावा, बऱ्याचदा तो दाखवला जातो.

मतदार नोंदणीविषयीही थोडे लिहितो. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनी शपथ घेतली जाते, ती घ्यावीच. पण नोंदणीसाठी आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात) आहेत आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे बारावीच्या वर्गातच नमुना ६ हा नव्या नोंदणीचा अर्ज भरून घेण्याचे काम पदवीचे विद्यार्थी करू शकतात. वसतिगृहात राहणाऱ्यांना गावचा पत्ता ठेवायचा की शिकण्याच्या ठिकाणचा, हे ठरवायला मदत लागते. माझ्या मते, जेथे ते ग्रामसभेला जाऊन बसू शकतात तेथे नाव असलेले बरे. लग्न होऊन गावात आलेल्या स्त्रियांची नावे स्थलांतरित करण्यासाठी नमुना ८ भरून देणे हे तर घरोघरी जाऊन करण्याचे काम आहे आणि ते विद्यार्थिनी अधिक चांगले करतात.

झाडीपट्टी

वरील चर्चा मोलाची आहे, तरी निवासी शिबिरांची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. बाबा आमटे यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली आणि तेव्हापासून मे महिन्यातील विदर्भाच्या उन्हात महाराष्ट्रभरातून आलेले तरुण तेथे एकत्र राहत, श्रम करत आले आहेत. तेथे खणलेल्या मातीचा हिशेब मांडला तर तो यंत्राने एका दिवसात होणाऱ्या कामाहून कमी भरेल. पण कुष्ठमुक्त शेतकऱ्यांनी उभ्या केलेल्या शेतावर त्यांच्याबरोबर राबणे, त्यांच्या हातचे जेवणे आणि संध्याकाळी विदर्भ, कोकण, मराठवाडा अशा वेगवेगळ्या भागांतील मुलामुलींशी वाद घालणे, यातून जे घडते ते ३० तासांच्या तुकड्यांत घडत नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या 'निर्माण' उपक्रमातही शिबिरांवरच भर आहे, आणि त्यात सहभागी झालेल्या अनेक तरुण डॉक्टरांनी पुढे ग्रामीण व आदिवासी भागांत काम केले आहे.

त्यामुळे सेवेचे दोन हेतू वेगळे ठेवावेत असे मला वाटते. समोरच्याची गरज भागवणारे काम त्याच्या वेळेनुसार व्हावे, हे मान्य. परंतु तरुणाला घडवणारे शिबिर हेही स्वतंत्र काम आहे, आणि त्याला बंधाऱ्याच्या मापाने मोजू नये. तृतीय_वर्ष यांनी परवानगीची जी अडचण सांगितली तिच्यावर एकच उपाय मी प्रत्यक्ष चाललेला पाहिला आहे: शिक्षिकेने घरी जाऊन आईशी बोलणे, आणि आधीच्या वर्षी शिबिराला जाऊन आलेल्या मुलीला सोबत नेणे.

वारणातीर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. झाडीपट्टी यांनी केलेला भेद मला मान्य आहे आणि तो माझ्या मूळ लेखनात नव्हता. शिबिर जानेवारीत राहील, पण बंधारा त्याच्यात कोंबला जाणार नाही. तो दिवाळीच्या सुट्टीआधी, दत्तक गावातील शेतकऱ्यांना विचारून, दोन रविवारांत घालू. रक्तदानाचे गट आणि लेखनिकांची सामायिक यादी यांविषयी शेजारच्या महाविद्यालयांशी बोलणे सुरू केले आहे.

नोकरी करणाऱ्या आणि मुक्कामाला येऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही विहिरींच्या पाणीपातळीची नोंद हे काम निवडत आहोत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्याच गावातील आणखी आठ-दहा विहिरी त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजल्या, तर कोणत्या शिवारात पाणी टिकते आणि कोठे लवकर उतरते हे गावाला स्वतःच्या आकड्यांवरून कळेल. ओसरी यांनी सांगितलेल्या ग्रामसभेत ठेवायला असा कागद उपयोगी पडेल. एका विद्यार्थ्याला एका सकाळी चार विहिरी सहज मोजता येतात.

तृतीय_वर्ष

सर, हे मला माझ्या गावात करता येईल. मोजायचे नेमके कसे? आमच्या विहिरीवर दिवसभर मोटर चालू असते.

वारणातीर (धागाकर्ता)

म्हणूनच सकाळी लवकर, मोटर सुरू होण्याआधी मोजावे. उपसा चालू असताना किंवा नुकताच थांबलेला असताना पातळी खाली गेलेली असते आणि तो आकडा फसवा ठरतो. आदल्या रात्री मोटर चालली होती का, हे विहीरमालकाला विचारून नोंदवहीत लिहावे. विहिरीच्या कठड्यावर एका जागी रंगाने खूण करावी आणि चारही वेळा त्याच खुणेपासून, टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी सोडून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. कठड्याची जमिनीपासूनची उंची त्यातून वजा करावी, म्हणजे सर्व विहिरींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. काठ ढासळलेला असेल तर ती विहीर यादीतून वगळावी. एकटीने जाऊ नये, घरातील किंवा शेजारचे कोणी तरी सोबत असावे. पहिली नोंद ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात घ्यायची आहे. मोजपट्टी आणि नोंदवही महाविद्यालयातून मिळेल.